रोज चालवावीशी वाटेल अशी गाडी

आम्ही वसई तालुक्यातल्या भुईगावच्या एका बचत गटातल्या अकरा जणी. आमच्यातल्या कुणाची भाजीची वाडी आहे, कुणी सोनचाफा आणि मोगरा दादरच्या फुलबाजारात पाठवते, दोघी शिवणकाम करतात, एकीची खानावळ आहे. अकरापैकी सहा जणी आज चारचाकी चालवतो. तुमच्याही गटात आता हा विषय निघत असेल, म्हणून आज गाडी निवडण्याबद्दल बोलायचं ठरवलं आहे. गाडी रोजच्या वापराची हवी, चालवताना बरं वाटलं पाहिजे आणि विकायची वेळ आली तर पैसेही बरे यायला हवेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. गाडी ही सोन्यासारखी नाही. सोनं आपण पेटीत ठेवतो आणि गरजेला काढतो. गाडीची किंमत मात्र दारात आल्या दिवसापासून उतरू लागते. विम्याचा हिशेब पाहिला की हे कळतं. गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत तिच्या किमतीतून ५ टक्के वजा धरतात, वर्षाची होईपर्यंत १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. बाजारात याहून थोडं कमीजास्त होतं, पण दिशा खालीच असते. तेव्हा कुणी "गाडी घ्या, गुंतवणूक होईल" असं म्हणालं तर मान हलवू नका. प्रश्न एवढाच असतो, की किंमत किती हळू उतरेल आणि तोवर गाडी आपल्या किती उपयोगी पडेल.

हे आम्हाला कळलं ते आमच्याच दोन मैत्रिणींच्या गाड्यांवरून. दोघींची परवानगी घेऊन सांगतो, नावं सांगत नाही.

पहिलीचा नवरा बोटीवर कामाला. घरात नवी गाडी आली, रस्त्यावर येईपर्यंत ६ लाख ८० हजार रुपये लागले. निवडली दिराने आणि नवऱ्याच्या मित्रांनी. गाडी मोठी, दिसायला झोकदार. पण चालवायची होती तिने, आणि तिला कुणी विचारलंच नाही. क्लच जड होता. सीटवर बसलं की बॉनेटचं टोक दिसत नसे. आमच्याकडचे रस्ते तुम्हाला माहीत आहेत. एका बाजूला वाडीचं कुंपण, दुसऱ्या बाजूला बावखल, आणि समोरून टेम्पो आला की एकाने मागे घ्यायचं. दोनदा कुंपणाला गाडी घासली आणि तिची हिंमत गेली. गाडी ताडपत्रीखाली राहिली. तीन वर्षांत जेमतेम ९ हजार किलोमीटर झाले.

मग तिच्या आईच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. तिने गाडी विकायची म्हटलं, तर आरसी बुक नवऱ्याच्या नावावर. विक्रीच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर मालकाची सही लागते, आणि मालक समुद्रावर. तो घरी येईपर्यंत चार महिने गेले, त्यातही मधे पावसाळा. शेवटी तिने पाटल्या गहाण ठेवून आईची शस्त्रक्रिया केली. गाडी विकायला काढली तेव्हा बॅटरी गेलेली, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या, टायर एका जागी बसलेले. मिळाले ४ लाख. म्हणजे ३६ महिन्यांत २ लाख ८० हजार उतरले, महिन्याला साधारण पावणेआठ हजार. आणि ही घट सोसून तिला त्या गाडीचं सुख मिळालं नाही ते नाहीच.

दुसरीने पाच वर्षं वापरलेली वॅगन आर २ लाख ४० हजारांना घेतली, स्वतःच्या नावावर. छप्पर उंच, त्यामुळे सासूबाईंना गुडघे न दुमडता बसता येई. सीट उंच, म्हणून समोरचा रस्ता नीट दिसे. पहाटे फुलांच्या टोपल्या स्टेशनला, मग मुलीला कॉलेजला सोडणं, दुपारी बाजार. सहा वर्षं गाडी रोज फिरली. सर्व्हिसिंगची प्रत्येक पावती तिने एका फाईलमध्ये लावली. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, फी भरायला दहा दिवस होते. तिने गाडी विकायला काढली आणि तिसऱ्या दिवशी १ लाख ३२ हजारांना गेली. घेणाऱ्याने फाईल पाहिली आणि फार घासाघीस केली नाही. ७२ महिन्यांत १ लाख ८ हजार उतरले, म्हणजे महिन्याला दीड हजार.

यातून आम्ही शिकलो ते असं. चालवायला आवडणं ही चैन नाही, तो हिशेबाचाच भाग आहे. आवडती गाडी रोज निघते. रोज निघते म्हणून तिचा खर्च वसूल होतो, काही बिघडलं तर लगेच कळतं आणि ती नीट राहते. नावडती गाडी उभी राहते आणि उभ्या उभ्या किंमत घालवते. म्हणून पहिला नियम: जी चालवणार, तिने निवडायची.

आता निवडायची कशी, ते बघू.

शोरूमवाला किंवा विकणारा आपल्याला मोठ्या रस्त्यावर चक्कर मारून आणतो. तिथे सगळ्याच गाड्या छान वाटतात. आपण म्हणायचं, "दादा, आमच्या गल्लीत न्यायची." रोजच्या वाटेवर चालवा. वाडीच्या तोंडाशी रिव्हर्स घ्या. सीट पुढे ओढून बसा आणि क्लच पूर्ण दाबला जातो का ते पाहा. आरशात मागचा मडगार्ड दिसतो का, खांबाआड माणूस लपतो का, ते बघा. स्टेशनजवळच्या गर्दीत दहा मिनिटं क्लच सोडत-धरत चाला, पाय दुखला तर ती गाडी आपली नाही. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बसवून आणि उतरवून बघा. फुलांची टोपली किंवा भाजीचा क्रेट सोबत न्या आणि डिकीत ठेवून पाहा. यात लाजण्यासारखं काही नाही, पैसे आपले आहेत.

गिअर बदलण्याचा कंटाळा असेल तर क्लच नसलेल्या लहान गाड्याही आता मिळतात. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओत ही सोय स्वस्तात आली, मग बऱ्याच कंपन्यांनी आणली. आमच्यातली एक पन्नाशीत गाडी शिकली ती अशाच गाडीवर. मात्र जुनी घेत असाल तर हा गिअर झटके देतो का, ते चढावर थांबवून तपासा.

किंमत कुठल्या गाडीची टिकते? जिचे पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि जी कुठलाही गॅरेजवाला उघडू शकतो, तिची. मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली आणि २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. या तीस वर्षांत गावोगावचे मेकॅनिक त्या गाडीवर हात बसवून तयार झाले. त्याच कंपनीच्या अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट या गाड्यांना जुन्या बाजारात गिऱ्हाईक पटकन मिळतं, त्यामागे हे मोठं कारण आहे. ह्युंदाईच्या लहान गाड्या आणि टाटाची टियागो यांचेही पार्ट आणि मेकॅनिक आता सगळीकडे आहेत. उलट बाजूही पाहा. शेवरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं थांबवलं, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ मध्ये बंद झाली. त्यांच्या गाड्या वाईट नव्हत्या. पण कंपनी गेली की पुढचा घेणारा पार्टच्या चिंतेने मागे सरतो. अशी गाडी स्वस्त मिळते हे खरं, पण विकताना आपल्यालाही स्वस्तातच द्यावी लागते.

रंगाचंही सांगतो. पांढरा आणि चंदेरी रंग लवकर खपतो. पण लाल आवडत असेल तर लाल घ्या. सहा-सात वर्षं तिच्याकडे आपणच बघायचं आहे.

सुरक्षिततेवर मात्र तडजोड करताना दोनदा विचार करा. इथे आमच्या गटात वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. सहज विकली जाणारी गाडी टक्कर-चाचणीत चांगली असतेच असं नाही. ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या चाचणीत वॅगन आरला एकच तारा मिळाला. टियागोला २०२० मध्ये मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी चार तारे मिळाले होते आणि नेक्सॉनला २०१८ मध्ये पाच. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची भारत एनकॅप चाचणीही सुरू झाली आहे. गावातल्या गावात फिरणारी आणि रोज अहमदाबाद महामार्गावर जाणारी, दोघींची गरज सारखी नाही. महामार्ग रोजचा असेल तर आम्ही म्हणू, रिसेलचे वीस-तीस हजार कमी आले तरी चालतील, तारे बघा. आणि पट्टा मागच्या सीटवरच्यांनीही लावायचा.

पेट्रोल की सीएनजी, हा पुढचा प्रश्न. हिशेब करून दाखवतो. दर बदलत राहतात, म्हणून तुमच्या पंपावरचा आकडा घालून परत करा. समजा महिन्याला ७५० किलोमीटर फिरणं आहे. पेट्रोलवर लिटरमागे १८ किलोमीटर आणि दर १०४ रुपये धरला तर महिन्याचे सव्वाचार-साडेचार हजार होतात. सीएनजीवर किलोमागे २५ किलोमीटर आणि दर ८० रुपये धरला तर २,४०० रुपये. वाचले साधारण १,९००. सीएनजीची गाडी ९० हजारांनी महाग असेल, तर ते पैसे निघायला चार वर्षं लागतात. पण महिन्याला २५० किलोमीटरच फिरणं असेल तर जवळजवळ बारा वर्षं लागतील. मग कशाला? शिवाय टाकी डिकी अडवते. टोपल्या ठेवायच्या कुठे? टाटाने २०२३ पासून दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवलेल्या गाड्या आणल्या, त्यात जागा बरी राहते. जुनी सीएनजी गाडी घेताना एक कागद मागा: टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी झाल्याचा दाखला. टाकी आरसी बुकात चढवलेली आहे की नाही, तेही बघा.

आता आपल्या किनाऱ्याकडची खास गोष्ट, गंज. समुद्रावरून खारा वारा येतो, आणि तो गाडीचं पोट खातो. भुईगाव, कळंब, राजोडी, अर्नाळा, कुठेही राहा. वरून चकचकीत दिसणारी गाडी लिफ्टवर चढवून खालून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. दाराच्या खालच्या कडा, चाकांच्या वरचा पत्रा, सायलेन्सर हाताने चाचपा. आपली गाडी असेल तर पंधरा दिवसांतून एकदा खालून गोड्या पाण्याने धुवा, पावसाळ्याआधी खालून गंजरोधक मारून घ्या. आणि पाहुणे आले म्हणून हौसेने गाडी वाळूत घालू नका. ओढून काढायला ट्रॅक्टर लागतो, आणि खारं पाणी आत गेलेलं असतं ते वेगळंच.

दुसरी आपल्याकडची गोष्ट, पुराचं पाणी. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा भागात रूळ पाण्याखाली जाऊन लोकल बंद पडल्या होत्या, ते दिवस सगळ्यांना आठवत असतील. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या पुढे पुसून-रंगवून बाजारात येतात. त्या ओळखायच्या कशा? सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा, टोकाला मातीची रेघ दिसते. डिकीतलं स्टेपनी चाक काढून खालचा खड्डा बघा. पायाखालचं कार्पेट उचला. सीटच्या रुळांवर गंज आहे का पाहा. काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा, कुबट वास लपत नाही. आणि आपलीच गाडी पाण्यात बंद पडली तर चावी फिरवत बसू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. ढकलून बाहेर काढा आणि टो करून न्या. विमा घेताना इंजिनाचं जादा संरक्षण आमच्या भागात घेण्यासारखं आहे.

जुनी घेताना कागद शांतपणे बघा. आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवा. बँकेचा बोजा असेल तर तो फॉर्म ३५ ने उतरला आहे का, विचारा. किलोमीटरचा आकडा सर्व्हिसिंगच्या पावत्यांशी ताडून बघा. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय आणि आकडा वीस हजारांचा, असं असेल तर उठून या. पेट्रोल गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. त्यामुळे तेरा-चौदा वर्षांची गाडी घेताना तो खर्च किमतीतून वजा करा.

नाव बदलणं लांबणीवर टाकू नका. आपल्या एमएच-४८ च्या कार्यालयात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. हे विकणारीच्याही हिताचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं, की अपघात झाला तर नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जातो. गाडी विकून वर्ष झालं, पण नाव तुमचंच असेल, तर नोटीस तुमच्या दारी येईल.

आणि गाडी कुणाच्या नावावर घ्यायची? आम्ही म्हणतो, जी चालवते तिच्या. यात नवऱ्यावर अविश्वास नाही. विम्यात मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचं अपघात संरक्षण असतं. ते मिळतं नोंदणीकृत मालकाला, तो स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडे परवाना असेल तेव्हा. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि चालवणारी बायको, तर हे १५ लाखांचं संरक्षण तिला नाही. तिच्यासाठी वेगळं घ्यावं लागतं. घरी जेवताना एवढी एक गोष्ट सांगा, बहुतेकांना पटते. शिवाय दावा न केल्याबद्दल विम्यात जी सूट साठते, ती पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते. ही सूट गाडीची नसते, मालकाची असते. गाडी विकली तरी विमा कंपनीकडून पत्र घेऊन ती तीन वर्षांच्या आत आपल्या पुढच्या गाडीला लावता येते. नाव आपलं असेल तर सूटही आपली.

पैशांचंही बोलू. गटातून महिना २ टक्क्यांनी उचललं तर ते वर्षाला २४ टक्के होतात. बियाणं, फी, दवाखाना अशा तातडीला गट आहेच. गाडीसाठी बँकेचा दर विचारा, तो त्याहून बराच कमी असतो. हप्ता ठरवताना त्यात विमा, सर्व्हिसिंग आणि टायरसाठी महिन्याला बाजूला काढायचे पैसे धरा. आणि पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून भाड्याने माणसं नेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

शेवटी वेळेबद्दल. जुन्या गाडीची किंमत नव्या गाडीच्या किमतीला बांधलेली असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. साहजिकच जुन्या गाड्यांनाही भाव खाली आणावा लागतो. त्यामुळे कुणी जुन्या गाडीचा जुनाच भाव सांगत असेल, तर आधी त्याच नव्या गाडीचा आजचा भाव विचारा आणि मग बोला.

आमच्या गटाने आता एक पद्धत पाडली आहे. एखादीला गाडी घ्यायची असेल तर तिच्यासोबत दोघी जातात आणि एक ओळखीचा मेकॅनिक. पहिल्या दिवशी कुणीही पैसे द्यायचे नाहीत, टोकनसुद्धा नाही. घरी येऊन रात्र जाऊ द्यायची. सकाळी उठल्यावरही ती गाडी आठवली आणि हिशेबही जमला, तर दुसऱ्या दिवशी जायचं.

पहिल्या मैत्रिणीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. पाटल्या सोडवायला तिला दीड वर्ष लागलं. आई बरी आहे. मागच्या दिवाळीनंतर तिने जुनी टियागो घेतली, स्वतः चालवून, स्वतःच्या नावावर. आता निर्मळच्या यात्रेच्या गर्दीतूनही ती आरामात गाडी काढते. त्या दिवशी आम्ही विचारलं, "कशी आहे गं गाडी?" तर म्हणाली, "ताडपत्री विकून टाकली."